दुसरी ‘ब’चं पिवळं गवत

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. तारनाक्याच्या आमच्या शाळेत दुसरी ‘ब’मध्ये नवं मूल आलं की जुनी मुलं त्याला बाकावर टेकायच्या आत इथल्या दखनी हिंदीत बजावतात, "रंजना टीचर के सामने ‘कुछ नहीं देखा’ नक्को बोल."

कारण माझ्या वर्गाचा एक रिवाज आहे. सकाळची प्रार्थना झाली की लगेच खाली बसायचं नाही. उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय बघितलं ते एकेकाने सांगायचं आणि मग बसायचं. मुंग्या झुरळाचा पंख ओढून नेत होत्या. दुधावर साय आली आणि फुंकर मारल्यावर तिला सुरकुत्या पडल्या. समोरच्या ऑटोच्या सायलेन्सरमधून पाणी ठिबकत होतं. काहीही चालतं, फक्त स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. आमची शाळा चर्चची. रोज आम्ही हात जोडून म्हणतो, प्रभू, तू जे जे निर्माण केलंस त्याबद्दल तुझे आभार. आता मला सांगा, कुणी तुम्हाला भेट दिली आणि तुम्ही वरचा कागदसुद्धा न उघडता थँक्यू म्हणून मोकळे झालात, तर देणाऱ्याला काय वाटेल? मला तर राग येईल. म्हणून माझ्या वर्गात बघण्याला सुट्टी नाही. शास्त्राचं पुस्तक मी त्यानंतर उघडते, आणि खरं सांगायचं तर तोवर निम्मा धडा मुलांनीच शिकवून टाकलेला असतो.

योगिनी मात्र रोज उभी राहायची, खाली बघायची आणि म्हणायची, "काही नाही, टीचर."

ती जूनमध्ये पुण्याहून आली. आईवडील दोघंही आयटीत. नोकरी इकडे मिळाली म्हणून सगळे नल्लकुंट्याला आजोबांच्या घरी राहायला आले. पहिल्याच दिवशी तिने अर्धं मराठीत अर्धं हिंदीत काहीतरी विचारलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. झालं, तेव्हापासून पोरीचं तोंड बंद. आम्ही मूळचे जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती, घरात मराठीच बोलतो, म्हणून मी तिच्याशी मुद्दाम मराठीत बोलून बघितलं. तरी उत्तर एकच. वह्या पूर्ण, अक्षर सुरेख, आणि चिडीचूप. बाकीच्या टीचर म्हणायच्या, किती शांत मुलगी, नशीब काढलंस. मला असल्या शांततेची चीड येते. सात वर्षांच्या मुलाला काहीच विचारायचं नसेल, तर त्याचं काहीतरी कुणीतरी काढून घेतलेलं असतं.

मग डिसेंबर आला. आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर फिलोमिना मंगळूरच्या. त्यांच्या गावी नाताळच्या आधी घरोघरी ट्रेमध्ये धान्य पेरतात आणि नाताळपर्यंत त्याचं हिरवंगार गवत होतं. येशूबाळाच्या गोठ्याचा देखावा करायचा, तर गोठ्यापुढे हे खरं गवत लावायचं. सिस्टरांनी ही रीत आमच्या शाळेत आणली. आता प्रत्येक वर्ग आपापला गोठा करतो. पुठ्ठ्याच्या भिंती, मातीची मेंढरं, आणि पुढे घरी वाढवलेल्या गवताची टेकडी. सुट्टी लागायच्या दिवशी पालक येतात आणि सिस्टर वर्गावर्गातून फिरतात. ही स्पर्धा नाही असं त्या दरवर्षी सांगतात, आणि दरवर्षी दुसरी ‘अ’च्या भाग्यलक्ष्मी टीचर आणि मी एकमेकींच्या खिडकीतून चोरून बघून येतो.

"यंदा आपलं गवत कोण वाढवणार?" मी विचारलं.

शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. अर्धवट, कोपरात वाकलेला, पण वर. सगळा वर्ग मागे वळून बघायला लागला.

"मी करते, टीचर. आमच्याकडे नवरात्रात करतात. आजोबांना येतं."

जूनपासून योगिनी एका दमात एवढं बोलली नव्हती. मी दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. ट्रे, माती आणि ओंजळभर गहू तिच्या हवाली केले. भाग्यलक्ष्मी टीचर व्हरांड्यात म्हणाल्या, "रंजना, घर को कायकू दिए? बच्ची पानी डालना भूल गई तो?" मी म्हटलं, भूल गई तो भूल गई. वरून ऐट दाखवली, पण आतून धाकधूक होती. गवताची नव्हे, त्या हाताची. वर केलेला हात एकदा फजीत होऊन खाली आला की तो पुन्हा वर यायला फार वेळ लागतो. काहींचा येतच नाही. मोठेपणी मीटिंगमध्ये गप्प बसणारी माणसं मला दिसतात ना, तेव्हा मी मनात विचारते, तुमचा हात कितवीत खाली आला?

नाताळच्या सुट्टीआधीच्या सोमवारी योगिनीचे आजोबा स्वतः ऑटोने ट्रे घेऊन आले. हिम्मतराव त्यांचं नाव. रेल्वेतून रिटायर झालेले, मूळची शेती परभणीकडे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि दोन्ही हातांवर लाल खणाने झाकलेला ट्रे. योगिनी त्यांच्या शर्टाचं टोक धरून शेजारी. पोरगी त्या दिवशी मान वर करून चालत होती.

"घ्या टीचर, तुमचं धान," हिम्मतराव म्हणाले. "असं आलंय म्हणता! ह्या साली आमच्या घटालाबी असं नव्हतं आलं."

त्यांनी खण बाजूला केला. गहू वीतभर वाढला होता. दाट, सरळ, एकसारखा. आणि पिवळाधमक, हळदीत बुडवून काढल्यासारखा.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लहानपणी आमच्या शेजारी मराठा कुटुंब होतं, त्यांचा घट मी बघितला होता. नवरात्रात देवघरात घटाभोवती धान्य पेरतात. देवघर आतल्या अंगाला, उजेड काय तो समईचा, म्हणून रोपं पिवळी येतात. पिवळी येतात म्हणूनच सगळे खूश होतात. जितकं धान पिवळं आणि उंच तितकं वर्ष चांगलं म्हणायचं. दसऱ्याला बायका ते केसांत माळतात, पुरुष टोपीत खोवतात. हिम्मतरावांनी आमच्या गोठ्याचं गवत त्याच श्रद्धेने वाढवलं होतं. देवघरात ठेवलं, उंदीर येऊ नयेत म्हणून वर टोपली घातली, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. त्यांच्या हिशेबाने त्यांना शंभरपैकी शंभर मिळायला हवे होते. हिरवं हवंय, हे आम्ही कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. गवत म्हटल्यावर त्यात सांगायचं काय?

मग पहिल्या बाकावरचा सॅम्युअल, ज्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद होत नसेल, ओरडला, "टीचर, घास को जॉन्डिस हुआ!"

हशा पिकला. योगिनीने आजोबांच्या शर्टात तोंड लपवलं. हिम्मतरावांचे कान लाल झाले.

"हिरवं पायजे होतं का?" ते मला हळूच म्हणाले. "आधी सांगायचं की मग. पोरीचं कायकू हसं करता?"

आवाज ऐकून भाग्यलक्ष्मी टीचर दारात आल्या. त्यांनी ट्रेकडे बघितलं आणि लगेच म्हणाल्या, त्यांच्याकडे एक हिरवा ट्रे जास्तीचा आहे, खुशाल घे. मनापासून म्हणाल्या, टोमणा नव्हता. तेवढ्यात सिस्टरही आल्या. त्या म्हणाल्या, तो हिरवा पुढे लावा आणि हा मागे ठेवा, म्हणजे मुलीला वाईट वाटणार नाही. अगदी शहाणपणाचा तोडगा. योगिनीने तो ऐकला, जागेवर जाऊन बसली आणि बाकावर डोकं टेकवलं.

आणि मला राग आला. हसणाऱ्यांचा आला, शहाणपणाचा आला, आणि माझा स्वतःचाही आला.

"दुसरी ‘ब’चं गवत हेच," मी म्हटलं. "पालक गुरुवारी येणार, तोवर वेळ आहे."

"गुरुवार तक क्या करते, पेंट मारते?" भाग्यलक्ष्मी टीचर म्हणाल्या. सिस्टर काही न बोलता गेल्या. त्या काही न बोलता गेल्या की टीचर लोकांनी काय ते समजायचं असतं.

मी ट्रे टेबलाच्या मधोमध ठेवला. "हसून झालं? आता सांगा, हे पिवळं का आलं?"

उत्तरं यायला लागली. पाणी कमी पडलं. माती खराब. गहू जुना. थंडी लागली. मी प्रत्येक उत्तर फळ्यावर लिहीत होते. मग सॅम्युअल उभा राहिला. या वेळी तो मस्करी करत नव्हता, चांगला गंभीर होता.

"टीचर, ये उनके भगवान के सामने रखे ना. येशू के सामने नहीं रखे. इसलिए."

हिम्मतराव अजून दारातच उभे होते. त्यांना हिंदी कळत नाही असं नव्हतं. योगिनीने डोकं वर केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी आता काय म्हणते, हेच ती बघत होती.

रागवायचे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. पण तो सात वर्षांचा होता, कुठेतरी ऐकलेलं बोलत होता, आणि माझ्या वर्गात एका उत्तराला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा असं चालत नाही. मी तेही फळ्यावर लिहिलं. पाणी, माती, गहू, थंडी, आणि खाली ‘येशूसमोर नव्हतं’.

"बरं," मी म्हटलं. "यातलं खरं कोणतं, ते कसं शोधायचं?"

मुलं फळ्याकडे बघू लागली. आणि मग मागून, अगदी बारीक आवाजात, "आजोबांच्या देवघरात खिडकी नाहीये."

"मग?"

"बल्ब पण नाही. फक्त समई." योगिनी उठली आणि बाकांच्या मधून पुढे आली. ट्रेकडे बघत बोलत होती, माझ्याकडे नाही. "थोडं येशूच्या समोर ठेवू या. थोडं खिडकीत. पाणी दोघांना सारखंच घालायचं. मग कळेल ना?"

डी.एड.ला मी प्रयोगाची व्याख्या घोकून पाठ केली होती, दोन मार्कांना होती. ही पोर व्याख्या न घोकता प्रयोग मांडून मोकळी झाली होती, आणि तोही तिला ज्याने चिडवलं त्याच्याच म्हणण्याचा.

"हेच सगळ्यांना हिंदीत सांग," मी म्हटलं.

तिने सांगितलं. हिंदी तिची तशीच होती, निम्मी मराठी. कुणी हसलं नाही. सगळ्यांना पुढे काय होतं ते ऐकायचं होतं.

आमच्या वर्गात येशूची तसबीर कोपऱ्यातल्या कपाटाच्या वर टांगलेली. तिकडची ट्यूबलाइट दिवाळीपासून बंद, आणि तक्रार करून करून मी थकलेली. योगिनीने ट्रेमधला एक गड्डा मातीसकट उपटून कागदी कपात लावला. सॅम्युअलने तो स्वतःच्या हाताने तसबिरीखाली ठेवला आणि डोळे मिटून आमेन म्हणाला. ट्रे पूर्वेच्या खिडकीत गेला. सगळं झालं असं वाटलं, तर योगिनी तिथेच घुटमळत होती.

"टीचर, खिडकीतलं मधलं थोडं झाकून ठेवू का? म्हणजे खिडकीमुळे हिरवं होतं की उजेडामुळे, ते पण कळेल."

मी ब्रश ठेवायचा उंच पत्र्याचा डबा रिकामा करून तिला दिला. तिने तो ट्रेच्या मधोमध रोपांवर उलटा घातला, हलक्या हाताने, पाती मुडपू न देता. हिम्मतराव दारातून म्हणाले, "उद्या येतो मी बघायला." आणि टोपी सारखी करून गेले.

मंगळवारी मुलं प्रार्थनेच्या आधीच खिडकीशी. पात्यांच्या टोकांवर पोपटी रंग चढायला लागला होता. त्या दिवशी ‘काय बघितलं’ला सगळ्या वर्गाने एकच गोष्ट सांगितली आणि मी कुणालाही टोकलं नाही. दुपारी डबा खायच्या सुट्टीत पुन्हा गर्दी, शाळा सुटताना पुन्हा. रेल्वे क्वार्टर्समधून पायी येणारी मुलं बुधवारी पळत आली. बुधवारी ट्रे हिरवा झालेला होता, चांगला गच्च हिरवा. कोपऱ्यातला कप मात्र अजून पिवळाच होता, जरासा मळकट पोपटी झाला होता एवढंच.

सॅम्युअल कितीतरी वेळ त्या कपाकडे बघत उभा राहिला. मग बाकावर चढला, कप खाली काढला आणि खिडकीत ट्रेशेजारी नेऊन ठेवला.

"का रे?" मी विचारलं.

"येशू को तो मालूम था, टीचर. धूप उन्होंच बनाए ना. अपने को मालूम नहीं था." मग योगिनीकडे न बघता म्हणाला, "जॉन्डिस बोला, सॉरी." आणि मग, वर बघून, "टीचर, फोटो भी खिड़की के पास लगाओ ना. उधर बहुत अंधेरा है."

आम्ही तसबीर खिडकीजवळ लावली. हिम्मतराव त्या दिवशीही आले होते, खिळा त्यांनीच ठोकला.

गुरुवारी पालकांनी वर्ग भरून गेला. पुठ्ठ्याचा गोठा टेबलावर, मेंढरं जागेवर, आणि पुढे आमची हिरवी टेकडी, मध्ये पत्र्याचा डबा उलटा तसाच. काढू का म्हणून दहाजणांनी विचारलं असेल. योगिनीने कुणाला हात लावू दिला नाही. सिस्टर आल्या, मागे भाग्यलक्ष्मी टीचर.

"अरे वा, शेवटी दुसरा ट्रे घेतला वाटतं," सिस्टर म्हणाल्या.

"नाही सिस्टर. तोच आहे," मी म्हटलं. पुढे मला काही बोलायची गरजच पडली नाही.

योगिनी पुढे आली आणि सगळं सांगितलं. थोडं इंग्रजीत, थोडं हिंदीत, अडलं तिथे मराठीत, आणि पालकांना कळेना तिथे सॅम्युअलने लगेच तेलुगूत करून दिलं, जणू तो तिचा दुभाषाच. देवघर, टोपली, कप, तसबीर, खिडकी, काही वगळलं नाही. मग तिने डबा उचलला.

हिरव्या टेकडीच्या मधोमध एक गोल पिवळा तुकडा होता, जसाच्या तसा. मागून कुणीतरी "अय्यो" म्हणालं. सिस्टर वाकल्या, त्यांनी चष्मा सारखा केला आणि बोटाने आधी हिरवं पातं धरलं, मग पिवळं.

"हे पण हिरवं होईल, सिस्टर," योगिनी म्हणाली. "पण आज नको. गोठ्यातलं गवत सुकलेलं असतं ना, पिवळं. बाळाला तेच लागतं." आणि तिने मातीचा येशूबाळ त्या पिवळ्या गोलात निजवला.

सिस्टरांनी बाळाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे हे गवत देवाने हिरवं केलं, हो ना?"

"नाही, उन्हाने."

पालकांत चुळबूळ झाली. भाग्यलक्ष्मी टीचरांनी माझा दंड धरला. योगिनीने जरा विचार केला.

"ऊन देवाने दिलं, सिस्टर. वरती टोपली आजोबांनी घातली होती."

सगळ्यात आधी हसल्या त्या सिस्टर, आणि सगळ्यात मोठ्याने हसले ते हिम्मतराव. टोपी काढून हसले. शेजारच्या पालकांना ते सांगत सुटले, "माझी नात आहे ती. हौ, माझीच." माझी छाती अशी फुगली होती की पदराची पिन निघते की काय असं वाटलं. गर्व करू नये असं आम्ही रविवारी ऐकतो. त्या गुरुवारी मी तो पोटभर केला, आणि प्रभूने मला माफ केलं असणार, कारण तोही तिथेच खिडकीजवळून बघत होता.

"मग आता पुढच्या नवरात्रात घट उन्हात ठेवणार का?" मी हिम्मतरावांना चिडवलं.

"नक्को, नक्को. घट पिवळाच पायजे. बापजाद्यांपासून पिवळाच आहे." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "पण आता पिवळा कायकू होतो ते मला कळलं. पंच्याहत्तरी आली टीचर, आन् कळलं."

भाग्यलक्ष्मी टीचर ट्रेपाशी उभ्या होत्या. "मेरा घास देखो," त्या मला हळूच म्हणाल्या, "पहले से हरा है. उसमें बच्चे क्या देखते?" इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या खिडकीतून डोकावतोय, पण असं त्या पहिल्यांदाच बोलल्या.

सिस्टर पुढच्या वर्गाकडे निघाल्या होत्या. दारापर्यंत पोचल्याही, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"सिस्टर, एक विचारू?"

सिस्टर वळल्या. आम्ही सगळेच वळलो.

"‘अ’चं गवत उन्हात वाढलं. आमचं अंधारात. मग आमचं जास्त उंच कसं?"

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भाग्यलक्ष्मी टीचरांकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं. आम्हा तिघींपैकी एकीलाही याचं पुरतं उत्तर येत नव्हतं, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की काय सांगू.

"शोधावं लागेल," मी म्हटलं. "सुट्टीनंतर. कसं शोधायचं ते तू सांगायचंस."

तिने मान हलवली, पण हात अजून वरच होता. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं की रंजना टीचर, आज काय बघितलं, तर मी उभं राहून सांगितलं असतं: एक हात बघितला, कोपरात न वाकलेला, सरळ वर गेलेला. आणि तो काही केल्या खाली येत नव्हता, कारण तिला अजून एक विचारायचं होतं.